खिळ्यावरचा बिल्ला

लातूरच्या आमच्या बिल्लेवाल्या मावशीपुढे कलेक्टरचीही मात्रा चालली नसती. तिच्या सायकल स्टँडवर पितळी बिल्ल्यांच्या जोड्या असत. एक बिल्ला सायकलला, त्याच आकड्याचा दुसरा मालकाच्या हातात. दोन्ही परत येऊन जुळल्याशिवाय तो आकडा दुसऱ्या कुणाला मिळायचा नाही. कुणी घाई केली की म्हणायची, "सायकल हलू दे आधी, मंग नंबर मोकळा."

भूकंप झाला तेव्हा हेच बिल्ले डब्यात भरून ती छावणीत गेली. ताटातूट झालेली लेकरं तिथं आणत होते, त्यांत मीही होते. तीन दारांवर तीन कार्यकर्ते, आणि जो तो आपल्या मनानं चिठ्ठीवर आकडा देणारा. एक आई आली, तिच्या मुलाचा आकडा पुकारला, तर दोन पोरं उठून उभी राहिली. त्यातलं एकही तिचं नव्हतं. मावशी कडाडली, "आरं, काय चालवलंय ह्ये? एका नंबराची किती लेकरं?"

चिठ्ठ्या बंद झाल्या. बिल्ले फक्त मावशीच्या डब्यातून निघू लागले. प्रत्येक दाराला ती मूठभर द्यायची, संपले की पुढची मूठ. एक बिल्ला लेकराच्या गळ्यात, जोडीचा फळीवरच्या खिळ्याला. घरचं माणूस आलं की जोडी जुळवून डब्यात, आणि मग तीच पुढच्या लेकराला. त्या आईचं पोर संध्याकाळी सापडलं. पुन्हा दोन लेकरं एका हाकेला उठली नाहीत.

छावणी उठली तेव्हा खिळ्यावर एकच बिल्ला उरला होता, माझा. मावशीनं फळी घरी नेली, आणि मलाही.

पुढं लातुरात क्लासचं पेव फुटलं. स्टँडवर सायकली मावेनात, बिल्ले पुरेनात. पोरं फळीकडं बोट दाखवायची, "मावशी, तो रिकामाच हाय की, द्या ना." ती म्हणायची, "रिकामा न्हाई त्यो. लेकरू हाय त्याचं."

आज मी नांदेडला कॉम्प्युटर शिकवते. एकाच वेळी चाललेल्या अनेक कामांना आकडे कसे वाटायचे आणि परत कसे घ्यायचे, हा धडा आला की मी पुस्तक मिटते आणि मावशीचा डबा सांगते. सांगताना मान ताठ होते, लपवत नाही.

मी दहावीत चमकले तेव्हा कुठून तरी एक लांबचे काका मला न्यायला आले. माणूस म्हणून वाईट नव्हते. मावशीनं त्यांना चहा दिला, खिळ्यावरचा बिल्ला काढला आणि माझ्यापुढं धरला. नियम म्हणजे नियम. "तुझं माणूस आलंय," ती म्हणाली.

मी गळ्यातला बिल्ला काढला, तिच्या हातातल्या जोडीला जुळवला आणि तिचीच मूठ मिटवली. "माझं माणूस लई आधीच आलंय, मावशी."

ती काकांसमोरच रडली. दुसऱ्या दिवशी मी स्टँडवर गेले, तर माझा आकडा एका नव्या पोराच्या सायकलला लागला होता.