पिल्लाचं माप

लांबूनकाका,

हे पत्र मनातल्या मनात वाचा. मोठ्यानं वाचायचं नाही, आणि घरात कुणी "काय लिहिलंय बाईंनी?" असं विचारलं तर "ख्यालीखुशाली" म्हणून मोकळं व्हायचं. का, ते पुढे कळेलच.

झालंय असं की यंदाच्या उन्हाळी प्रदर्शनात मॅडमनी एक भिंत संग्रहालयात काम करून गेलेल्या माणसांसाठी ठेवली आहे. वर फोटो, खाली चार ओळी. तुमच्या चार ओळी माझ्या गळ्यात पडल्या. लिहिल्या. 'दगडी दालन निष्ठेने सांभाळले. त्यांच्या कारकिर्दीत एकही वस्तू फुटली नाही.' वाचून पाहिलं तर हे माणसाबद्दल आहे की कुलपाबद्दल, तेच कळेना. भिंतीवर तेच लागेल, जागाच तेवढी आहे. बाकीचं इथे लिहिते. पण 'तुम्ही, तुम्ही' करत लिहायला घेतलं की तुम्ही समोर बसून "तसं नव्हतं हो, बाई" म्हणताय असं वाटतं आणि माझं घोडं अडतं. म्हणून तिऱ्हाइताबद्दल लिहावं तसं लिहिते. चुकलं तर कळवा. मध्ये मात्र बोलू नका.

लांबूनकाका हे नाव त्यांना शाळेच्या सहलींनी दिलं. दगडी दालनाच्या दाराशी एक स्टूल, त्यावर एक उंच, किडकिडीत माणूस, आणि कुणाचा हात एखाद्या मूर्तीकडे जरा वळला की एकच शब्द: "लांबून!" ओरडून नाही. घरात कुणी झोपलेलं असताना आपण बोलतो तसा आवाज, पण दालनाच्या पार दुसऱ्या टोकाला पोचायचा. मुलं मुद्दाम बोट पुढे करून बघायची आणि "लांबून" मिळालं की खिदळत पळायची. एकदा बाहेरगावचे एक विद्वान भिंग घेऊन शिलालेखावर ओणवे झाले होते. त्यांनाही मिळालं. ते चिडले. काका उठून उभे राहिले आणि अगदी अदबीनं म्हणाले, "साहेब, तुमच्या श्वासानं काही होणार नाही. पण मागची पोरं बघतायत."

दुसरं काही मिळेपर्यंत चार महिने काढू म्हणून ते नोकरीला लागले होते. ते चार महिने संपेपर्यंत डोक्याचे केस पांढरे झाले. त्यांना इतिहासात फार गती होती वगैरे म्हणायला मी तयार नाही. पाट्यांवर लिहिलेलं वाचून वाचून पाठ झालं होतं, आणि पाटी बदलली की काकांचं मतही निमूट बदलायचं.

घर म्हणजे कपडे धुण्याच्या दुकानाच्या वर दोन खोल्या. जिन्यात कायम साबणाचा आणि गरम इस्त्रीचा वास. वर खिडकीशी एक खुर्ची, त्या खुर्चीत काकू. काकू रफू करायच्या. खालच्या दुकानात आलेला फाटका कोट, उंदरानं कुरतडलेली शाल, कोपरात विरलेला स्वेटर, सगळं वर यायचं आणि धड होऊन खाली जायचं. काका संध्याकाळी घरी आले की त्या मान वर न करता विचारायच्या, "आज काय?" काका टोपी खुंटीला लावत म्हणायचे, "काही नाही." संसार सुखाचा चालला होता.

मग काकूंची नजर गेली. एकदम नाही. आधी मधलं दिसेनासं झालं, कडेचं राहिलं. मग कडेचंही धूसर झालं. एके दिवशी सुयांची डबी त्यांनी स्वतःच कपाटात वर ठेवून दिली आणि रिकाम्या हातांनी खुर्चीत बसल्या. त्या संध्याकाळी "आज काय?" आलं, तेव्हा आता "काही नाही" म्हणून भागायचं नाही हे काकांना उमगलं.

ते सांगायला लागले. कोण आलं, कोण कुणाशी भांडलं, कोण छत्री विसरून गेलं. पण रोज थोडंच कुणी भांडतं? मग वस्तूंकडे वळले. वस्तू बिचाऱ्या मोजक्या, आणि हलणाऱ्या नव्हेत. काका पुरवून पुरवून सांगायचे. आज या मूर्तीचा मुकुट, उद्या तिचीच पावलं. असं करता करता ते दगडी मांजरावर आले.

हे मांजर कुठल्याशा विहिरीच्या खोदकामात सापडलं होतं. मोठ्या पावाएवढं, अंगाचं मुटकुळं करून निजलेलं. तोंड इतकं झिजलेलं की पाटीवर 'प्राणी, बहुधा मांजर' असं हात राखून लिहिलं होतं. त्या वर्षीच्या थंडीत त्यांची लेक नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली होती, घर ओकंओकं झालं होतं. काका म्हणाले, "एक मांजर आहे, निजलंय."

"एकटंच?" काकूंनी विचारलं.

विचारलं असं की काकांच्या तोंडून निघून गेलं, "छे! पोटाशी पिल्लू आहे की."

झालं. दुसऱ्या दिवशी "आज काय?"च्या मागोमाग "पिल्लू कसंय?" आलं. पिल्लाला मग कान फुटले, शेपूट आलं, एक पंजा आईच्या नाकावर गेला. आज दुपारी पिल्लाच्या पाठीवर ऊन आलं होतं. आज झाडूवालीनं फडक्यानं त्याचे कान पुसले.

"चावलं नाही ना तिला?"

"दगडाचं आहे गं."

"दगडाचं असलं तरी पिल्लूच ना."

वर्षानुवर्षं हे चाललं. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मग संग्रहालयाच्या प्रमुख म्हणून नव्या मॅडम आल्या. मॅडम हुशार, आणि हुशार माणसाला स्वस्थ बसवत नाही. त्यांनी उन्हाळ्यात नुसतं प्रदर्शन न भरवता गावातल्या लोकांना आत आणायचं ठरवलं. मागच्या पडवीत कुंभाराचा मातीकामाचा वर्ग, दुपारी गोष्टी, आणि दगडी दालनात ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी एक टेबल: 'हात लावून बघा'. या कार्यक्रमांसाठी कॉलेजातून निवृत्त झालेली एक म्हातारी त्यांनी जुंपली. बाई म्हणून जिचा आता उल्लेख येईल ती मीच. टेबलावर काय ठेवायचं यावर खल झाला, आणि मॅडम म्हणाल्या, "मांजर ठेवू. त्याचं जे काही व्हायचं ते होऊन गेलंय."

टेबलाशी बसायचं काकांनी. आणि म्हणायचं, "हात लावा."

काकांची जीभ वळेना. पहिल्या दिवशी एका आजोबांना ते म्हणाले, "लांबू... लावा." आजोबा गोंधळून मागे सरले.

आमंत्रणं करायला बाई घरोघर फिरत होत्या. साबणाच्या वासाचा जिना चढून काकूंकडेही गेल्या. काकू एकदम खुलल्या. "येते की! पिल्लाला भेटायचंय कधीपासून."

दुसऱ्या दिवशी बाईंनी दालनात विचारलं, "काका, पिल्लू कसलं हो?"

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. बाईंना ते मागच्या नळापाशी घेऊन गेले आणि सगळं सांगितलं.

"मग सांगून टाका काकूंना," बाई म्हणाल्या.

"काय सांगू?"

"थाप मारली म्हणा. बायकोला थाप मारणारे तुम्ही काही पहिले नाही."

"थाप नव्हती हो ती."

"मग काय होतं?"

काकांनी नळ घट्ट केला. तो आधीच घट्ट होता. "संध्याकाळी घरी काहीतरी न्यावं लागतं ना, बाई," ते म्हणाले.

पुढचे काही दिवस काकांनी जंग जंग पछाडलं. मॅडमना म्हणाले, हातांनी मांजर झिजेल. मॅडम म्हणाल्या, "काका, ते शतकानुशतकं विहिरीत होतं." काकूंना म्हणाले, गर्दी फार आहे. मग म्हणाले, फरशी गुळगुळीत आहे. मग म्हणाले, ऊन तापलंय, पुढच्या वर्षी जाऊ. काकूंनी हे सगळं ऐकून घेतलं. चौथं की पाचवं कारण आलं तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "एक विचारू? तुमच्या लोकांसमोर मला हाताला धरून चालवायला लाज वाटते का तुम्हाला?"

हे काकांच्या गावीही नव्हतं. पिल्लू वाचवायला जावं तर हे असं. "उद्याच जाऊ," ते म्हणाले.

वाटेत सांगायचं असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. कोपऱ्यावरच्या दुकानापाशी सांगू, मग पुलावर सांगू, मग फाटकापाशी. काकू इस्त्रीचे कपडे घालून, केस नीट बसवून, त्यांच्या दंडाला धरून चालल्या होत्या आणि वाटेत भेटेल त्याला सांगत होत्या, "आमच्या ह्यांचं संग्रहालय बघायला चाललेय." सांगणार कधी?

टेबलाभोवती पाचसात माणसं होती. मॅडम होत्या, बाई होत्या, मातीच्या हातांनी डोकावणारा कुंभार होता. बाईंनी काकूंना टेबलापाशी उभं केलं. काकूंनी हात पुढे केला.

"लांबून!"

सगळं दालन जागच्या जागी थबकलं. काकूंचा हात तसाच हवेत. एक मुलगी फिसकन हसली. काका स्वतःच्याच तोंडावर हात ठेवून उभे.

"अहो," काकू म्हणाल्या, "मी आहे."

"हो... हो. सवय गं. लाव. हात लाव."

कुणाला "हात लाव" असं काकांनी धडपणे म्हटलेलं ते पहिल्यांदाच.

काकूंनी कापड बघतात तसं मांजर बघितलं. आधी पाठ, उलट्या बोटांनी. मग शेपटाचा वळसा. मग मान. झिजलेल्या तोंडावर जरा थांबल्या. तिथून पोटाकडे आल्या, बोटं पोटाच्या खोलगट भागात गेली, बाहेर आली, पुन्हा गेली. काका खिडकीबाहेर बघत होते. बाहेर काही नव्हतं.

"उबदार आहे," काकू म्हणाल्या.

"खिडकीशी असतं ना. ऊन येतं."

"आणि पिल्लू?"

आता सांगता आलं असतं. काकांनी तोंड उघडलंही. "ते... आत आहे. दुरुस्तीला."

"कुठलं पि..." मॅडमनी सुरुवात केली, तेवढ्यात बाईंनी त्यांच्या पायावर पाय दिला. जोरात दिला. मॅडमनी पुढचं गिळलं.

काकूंनी तळहात त्या खोलगट जागेवर नुसता ठेवला. "जागा आहे त्याची," त्या म्हणाल्या.

"हं."

"झालं की सांगा मग. आणि घाई करू नका म्हणावं. घाईत जोडलेलं नंतर दिसतं."

मग त्या बाजूला सरकल्या आणि मागे उभ्या असलेल्या एकीला म्हणाल्या, "या, तुम्ही बघा." काकांनी त्यांचा हात धरला. सगळ्यांसमोर, चांगला घट्ट धरला. सगळं दालन त्यांना फिरवून आणलं. प्रत्येक मूर्तीपाशी थांबून सांगत होते, आणि काकूंनी कशालाही हात लावला नाही.

लोक पांगल्यावर काका बाईंकडे आले. "एक काम होतं. कुंभाराला सांगून एक पिल्लू करून घेता येईल? मातीचं चालेल. पोटाशी बसेल असं."

कुंभार म्हणाला, "करतो की. पण माप सांगा. आणि झोपलेलं पाहिजे की जागं?"

काका विचारात पडले. "मी सांगितलं तर चुकेल. इतक्या वर्षांत काय काय बोलून बसलोय, मलाच धड आठवत नाही. तिलाच विचारतो, तिला कळू न देता."

दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, "माप?"

"विषयच निघाला नाही."

त्यानंतर पुन्हा विचारलं, तेव्हा काका कानामागे खाजवत म्हणाले, "काल निघाला होता. मी म्हटलं, तुझ्या अंदाजानं केवढं असेल गं पिल्लू? तर तिनं हात करून दाखवले. हे एवढं. म्हणजे मांजरापेक्षाही मोठं झालं हो."

"मग?"

"मी म्हटलं, अगं, एवढं कसं असेल? तर म्हणाली, इतकी वर्षं झाली, वाढणार नाही का?"

कुंभार पोट धरधरून हसला. काकाही हसले, पण जरा उशिरानं. "नक्की विचारून उद्या सांगतो," म्हणाले आणि टोपी घालून घरी गेले.

तर काका, तुमचं ते उद्या अजून उजाडायचंय. त्याच उन्हाळ्याअखेर तुम्ही निवृत्त झालात, लेकीनं दोघांनाही तिकडे नेलं, आणि निरोपाच्या गडबडीत तुम्ही मला स्टुलाचा हलणारा पाय दुरुस्त करायला सांगितलंत, खिडकीचा पडदा धुवायला सांगितलंत, फक्त मापाचं काही बोलला नाहीत. पाय दुरुस्त केला. पडदा धुतला. मांजर टेबलावरच आहे, पोट तसंच मोकळं. कुंभार यंदाही आलाय. परवा माती भिजवताना त्यानं पुन्हा विचारलं, झोपलेलं की जागं. मी म्हटलं, घरी विचारताहेत, कळवतील.