गुरुवारचं पिठलं
हिंगाच्या फोडणीत बेसन पडलं की मला इथल्या, परदेशातल्या पापाटोएटो उपनगरातला तो गुरुवार आठवतो. आमचं डब्यांचं काम तेव्हा एकदम वाढलं होतं. कुणाचाही, केव्हाही फोन यायचा आणि आम्ही हो म्हणून धावत सुटायचो. त्याच धावपळीत गरम तेल सांडून नवऱ्याचा हात भाजला, तेव्हा त्याने नियमच केला, आठवड्याच्या ऑर्डरी बुधवारी बंद. पहिल्याच गुरुवारी फोन वाजला. "सॉरी काकू, आता पुढच्या आठवड्यात," पट्टी बांधलेल्या हातात फोन धरून तो म्हणाला. कोण होतं, मी विचारलं. "पलीकडच्या फ्लॅट बुश भागातल्या काकू, आपलं पहिलं गिऱ्हाईक. दहा जणांचा पिठलं-भात हवा होता, आजच." माझा पोळी लाटणारा हात थांबला. "अरे, दहा जणांना पिठलं-भात कुणी हौसेने मागवतं का? त्यांच्या घरातलं कुणीतरी गेलंय." अशा घरात चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भात पाठवतात. इथे त्यांचे शेजारी आम्हीच. त्याने काकूंना परत फोन लावला. मी बेसन कालवायला घेतलं. ऑर्डरी आजही बुधवारीच बंद होतात, म्हणून तर आम्ही टिकलो. फक्त अशा घरांसाठी बेसनाचा एक डबा मी वेगळा भरून ठेवते. तो फार दिवस भरलेला राहत नाही.