एका रुमालाची धुलाई

"भाऊ, ह्यातलं सगळ्यात लांब कोणतं?"

कपडे धुण्याचं मशीन घेणारे लोक काय विचारतात ते मला पाठ होतं. वीज किती खातं, कॉलरचा मळ निघतो का, साडीचा काठ विरतो का. सगळ्यात लांबची धुलाई कोणती, हा प्रश्न मला आयुष्यात एकाच बाईंनी विचारला. मी त्यांना वहिनी म्हणायचो.

त्या गेल्या. त्यांच्याबद्दल त्यांच्या घरात एक गोष्ट सांगितली जाते. ती गोष्ट खोटी आहे, आणि ती माझ्या तोंडून निघालेल्या वाक्यांवर उभी आहे. माझं वय झालं आहे, तेव्हा खरं काय होतं ते लिहून ठेवतो.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. धुळ्यातल्या एका दुकानात मी कामाला होतो. मशीन घरी पोचवायचं, चालवून दाखवायचं आणि पुढे बिघडलं तर दुरुस्तही करायचं, ही तिन्ही कामं माझी. धुळ्याच्या गल्ल्यांना नावापेक्षा नंबरच जास्त. तशाच एका नंबराच्या गल्लीत हे घर होतं. घरची शेती, बाजारात पाइपांचं दुकान, आणि माणसं इतकी की पंगत उठते न उठते तोच दुसरी बसायची. वहिनी मधली सून. माहेर शिंदखेड्याकडचं.

मशीन आलं त्या दिवशी निम्मी गल्ली बघायला जमली होती. सासूबाई, म्हणजे अक्का, खुर्ची टाकून बसल्या. न्हाणीत मशीन लावून मी माझं नेहमीचं भाषण केलं. ह्या टाकीत धुवायचं, त्या टाकीत पिळायचं. ह्या बटणावर हलकी, साधी आणि भारी अशी तीन प्रकारची धुलाई. ही वेळेची चावी; पिळली की टिकटिक करत मागे येते, शून्यावर आली की मशीन थांबतं. अक्का म्हणाल्या, मशीनच धुणार तर सुनेनं काय करायचं? मी घाईघाईने सांगितलं की तसं नाही, पाणी सोडायला, कपडे उचलून दुसऱ्या टाकीत घालायला माणूस जवळ लागतोच. आणि जमीन ओली, करंटची वस्तू, पोरं हात लावतील, तेव्हा मशीन चालू असताना दार आतून लावून घ्यावं.

हे मी प्रत्येक घरी सांगायचो. कोणी ऐकायचं नाही. वहिनींनी ऐकलं. मग दाराआडून त्यांनी तो प्रश्न विचारला.

"भारी धुलाई, पंधरा मिनिटं," मी म्हणालो. "पण ती गोधडी-सतरंजीसाठी."

"बरं," म्हणाल्या, आणि चावीकडे बघत राहिल्या.

पुढे त्या गल्लीत माझं येणंजाणं वाढलं. एकाचं बघून दुसऱ्याने मशीन घ्यायचं, असा तो काळ. वहिनींच्या घरावरून सायकल हाणताना आतून एक वाक्य हमखास ऐकू यायचं. कोणी चहा मागितला, कोणाचं पोर रडलं, कोणाला लसूण सोलून हवा असला, की बंद न्हाणीतून उत्तर यायचं, "मशीन चालू शे," म्हणजे चालू आहे. गल्लीत त्याची थट्टा झाली. उधारी मागायला कोणी दारात आलं तर शेजारचे एक म्हातारे आतून ओरडायचे, मशीन चालू शे. अक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "ह्या घरात माझ्यापेक्षा त्या मशीनचा मान मोठा."

एकदा वेळेची चावी ढिली झाली म्हणून मला बोलावलं. अक्कांनी दोनदा हाक मारली तेव्हा न्हाणीचं दार उघडलं. वहिनी बाहेर येऊन बाजूला उभ्या राहिल्या. आत बादली पालथी घातलेली, तिच्यावर घडी करून ठेवलेला टॉवेल. टाकीभर पाण्यात भारी धुलाईवर एक रुमाल गरगरत होता. एकच.

मला हसू आलं. मी म्हटलं, वहिनी, एका रुमालाला भारी धुलाई?

त्या हसल्या नाहीत. अक्का बसल्या होत्या त्या ओट्याकडे एकदा बघून हळूच म्हणाल्या, "बसस थोडी. मशीन बंद व्हयनं का हाक येस."

हाक येईपर्यंत बसून काय करता, असं मी विचारलं. विचारायला नको होतं.

"काहीच नही, भाऊ."

तुम्हीही अशी घरं पाहिली असतील. खोल्या भरपूर, पण दिवसा दार लावून घेता येईल अशी एकही नाही. मधल्या घरात कोणी ना कोणी आडवं झालेलं, स्वयंपाकघरात दोन जावा, गच्चीवर शेजारणी. माहेरी जायचं तर सोबत लागणार आणि सोबतीला कोणी मोकळं नसणार. मी दार लावायला सांगितलं होतं विजेच्या भीतीने, आणि वहिनींना त्या घरात एक कडी मिळाली होती. धुऊन झालेले कपडेही त्या लगेच काढत नसत. कपडे आत आहेत तोवर काम संपलेलं नाही; दुपारी पुन्हा जाता येतं, काढायचे राहिलेत म्हणून. वाळत घालण्यात वेळ काढावा तर खानदेशातलं ऊन असं की शेवटचा कपडा दोरीवर पडेपर्यंत पहिला वाळलेला.

मी चावी आवळली आणि अक्कांना म्हणालो, वापराने होतं असं. वहिनींनी कोणाला सांगू नका असं म्हटलं नाही. ते मला कळेल असं त्यांनी धरलं.

मग वैशाखात आबा, म्हणजे वहिनींचे सासरे, चाळीसगावला सोयरीक ठरवायला गेले. अंगात पांढरा धुतलेला सदरा, आणि बैठकीत घाम आला तसा त्याला आंबूस वास सुटला. शेजारी बसलेल्या पाहुण्याने खुर्ची सरकवली. दुसऱ्या दिवशी अक्कांचा दुकानात निरोप, मशीन कपडे नासवतं, उचलून न्या. गल्लीतल्या आणखी दोन घरांनी मशीन सांगून ठेवलं होतं; त्यांनीही थांबा म्हटलं. मालकाने मला पाठवलं.

ओटा माणसांनी भरलेला होता. अक्का म्हणाल्या, "विकताना पोपटासारखा बोलत होतास. आता बोल."

मी झाकण उघडलं. सकाळचे कपडे तळाशी तसेच होते. मी म्हणू शकलो असतो की पाणी शिळं आहे, नळी तुंबली आहे, पावडर बरी नाही. मेकॅनिकच्या पोतडीत अशी कारणं पान्यापेक्षा जास्त असतात. पण सगळी गल्ली बघत होती आणि माझ्या मशीनला नावं ठेवली जात होती.

मी म्हणालो, "मशीनमध्ये दोष नाही, अक्का. धुऊन झाल्यावर कपडे काढायला हवेत. इथे ते दुपारपर्यंत पडून असतात. आणि एका रुमालाला कोणी भारी धुलाई लावली तर चावी ढिली होणारच."

कोणीतरी बाई हसली. मग सगळ्याच हसल्या. वहिनी पदराला हात पुसत होत्या. हात कोरडे झाले तरी पुसत होत्या.

अक्कांनी लगेच हुकूम केला. मशीन न्हाणीतून काढून ओसरीवर, त्यांच्या खाटेसमोर लावलं. वायर मीच वाढवून दिली. ओसरीवर पोरं खेळत होती, पण करंटचं काय, हे कोणी विचारलं नाही. मीही तो विषय काढला नाही.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा वहिनी मशीनशेजारी उभ्या होत्या, चावी सगळ्यात कमी वेळावर. टाकी थांबायच्या आत हात घालून कपडे उपसत होत्या. अक्का देवापुढे दिवा लावायला उठल्या तेवढ्यात मी म्हणालो, वहिनी, मी ते बोलायला नको होतं.

"तुम्ही खोटं कुठे बोलनात, भाऊ?"

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. बादली उचलून त्या गच्चीवर गेल्या.

मी नंतर जळगावला मुलाकडे राहायला आलो. ह्या वर्षी त्या गेल्याचं कळलं तेव्हा एसटीने धुळ्याला भेटायला गेलो. अक्का-आबा कधीच गेले होते. बैठकीत वहिनींचा मुलगा आलेल्यांना आईबद्दल सांगत होता. मन लावून, डोळ्यांत पाणी आणून सांगत होता. सुरुवातीला म्हणे आई जरा आळशी होती, मशीनमध्ये कपडे कुजवायची. आजीने वळण लावलं. त्यानंतर आईला रिकामं बसलेलं कोणी पाहिलं नाही, शेवटच्या दिवसापर्यंत नाही.

सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्याकडे बघून तो म्हणाला, काकांना तर माहीतच आहे.

मीही मान हलवली.