फोटो मशीनचा, नंबर बाबाचा

थांबा थांबा, हे आत्ताच सांगू द्या. नंतर सांगीन म्हणलं तर राहूनच जाईन, कारण आजकाल माह्या डोक्यात काही टिकत नाही, सकाळी जेवली का नाही हेही मी आईले विचारते. आत्ता बाबाचा मोबाईल फ्रिजवर पडून आहे आणि वाजून राह्यला आहे. बाबा बाहेर गेले. मोबाईल घरी ठेवून! आमच्या बाबाले ओळखणाऱ्या कोणालेही हे सांगाल तर तो म्हणन, खोटं. आणि मी तो उचलून नाही राह्यली. बसून टाईप करून राह्यली.

तर.

मी दुकानांचं सोशल मीडिया पाहते. राळेगावात हे काम सांगतलं की लोक पहिले हेच विचारते, म्हणजे दिवसभर मोबाईलच पाहतं का तू? हो, तेच. एक साडीचं दुकान होतं, एक क्लासेस आहे, आणि सगळ्यात पहिले मिळालेलं एक कृषी केंद्र. बियाणं, खत, औषध. मालकाले सगळे भाऊ म्हणते म्हणून मीही भाऊच म्हणते, वयानं ते बाबाएवढे आहे तरी.

आता आमच्याकडे बियाण्याची जाहिरात कशी असते हे बाहेरच्याले माहीत नसन. हिरो नाही, हिरोईन नाही. एक कास्तकार आपल्या वावरात उभा, हात पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडावर, नाहीतर सोयाबीनवर, तोंड असं जसा आधार कार्डाचा फोटो काढून राह्यला. खाली नाव, गाव आणि मोबाईल नंबर. नंबर नसला तर ती जाहिरातच नाही, कागद आहे नुसता. कारण लोक खरंच फोन लावते. वाण कसा निघाला, जमीन कशी होती, पाणी किती देल्लं. अनोळखी माणसाले, भरदुपारी, सरळ. आणि तो माणूस खरंच सांगते. त्याचे पैसे त्याले कोणी देत नाही. रीतच तशी आहे.

माही पहिली पोस्ट बाबाच होते. भाऊ म्हणे, एखादा चांगला कास्तकार आण फोटोले. मले कोण भेटणार, मी बाबाले उभं केलं. सोयाबीनमध्ये, डोक्यावर टोपी, गळ्यात दुपट्टा.

"बाबा, हास ना थोडं."

"कायले? दात दाखवून बी उगवते का?"

तोच फोटो टाकला. खाली मी हिरवी पट्टी बनवली, त्यात लिहिलं, अनुभव विचारा, आणि बाबाचा नंबर.

मग जे फोन सुरू झाले ना! केळापूरकडून, कळंबकडून, कुठून कुठून. बाबा आंघोळीले गेले तरी मोबाईल मोरीच्या भिंतीवर. "बोला मालक," की सुरू. आणि सगळं सांगत. वरच्या तुकड्यात झकास आलं, नाल्याकडच्या पट्ट्यात पिवळं पडलं, तुमची जमीन चिबड असन, पाणी धरून ठेवत असन, तर हे घेऊ नका. भाऊले ते 'घेऊ नका' काही आवडे नाही. पण लोक तरी बाबाचं नाव सांगत दुकानात येत, म्हणून भाऊ गप्प. आई म्हणे, "जेवता का कलेक्टरसाहेब, का अजून कोणाची तक्रार ऐकायची राह्यली?" बाबा एका हातानं भाकर मोडत आणि दुसरा हात कानाले. एका ताईचा तर दर हंगामात फोन येई. नवरा गेलेला, एकटी वावर पाहते. कधी भेटली नाही आम्हाले, पण पेरणीच्या आधी तिचा फोन नाही आला की बाबाच म्हणत, ताईचं काय झालं असन.

मी तेव्हा स्कुटीवर वावरं फिरे. कोणाची तूर, कोणाचा कापूस, चिखलात चप्पल रुतली की हातात घेऊन चाले. मले ते काम आवडे. हे मी नुसतं आठवून लिहून राह्यली. आवडणं आतून कसं लागते ते आता नीट आठवत नाही, पण आवडे एवढं माहीत आहे.

मग एआयचं आलं. भाऊनं मले काउंटरवर बोलावलं, हे पाय, हे पाय करत मोबाईल नाकासमोर. एक बैल बोलून राह्यला होता. 'माझ्या मालकाने योग्य खत निवडले,' असं, एकदम बातम्यांसारखं. भाऊ पोट धरून हसले. "आपल्यालेही असंच पाहिजे. लोक थांबते बरं अशावर!" मी त्याच दिवशी बनवून देल्लं. मलेही मजा आली, खोटं कायले बोलू. बोलणारी पऱ्हाटी, बोलणारी गोगलगाय, नऊवारी नेसून वावरात फिरणारी पोरगी जिचा पाय मळतच नाही. व्ह्यूज असे पळाले की मी घरभर दाखवत सुटली.

मग भाऊ म्हणे, वावरात कायले जातं, पेट्रोल कायले जाळतं. मग मी जाणं सोडलं. खाटेवर पडून बनवू लागली. मग भाऊ स्वतःच शिकले. गिऱ्हाईक नसलं की काउंटरवर बसून मोबाईलले सांगत, असा माणूस दे, तसा माणूस दे, आणि तो देई. मले म्हणे, "तू आता फक्त कमेंट पाहत जाय." साडीवाल्यानं तर तेही नको म्हणलं. त्याच्या साड्या नेसून जी पोरगी रोज फिरते ती कुठंच राहत नाही. मले वाईट वाटायले पाहिजे होतं. मी 'ठीक आहे दादा' लिहिलं, पुढं हसरा चेहरा लावला आणि पुढचं रील पायलं.

भल्लं पायलं मी. कामासाठीच पाहते, असं म्हणत. फेटेवाले कास्तकार, जिकडं पाय तिकडं फेटेवाले. आमच्याकडे लग्न सोडून कोण बांधते फेटा? हातात कापूस असा जसा मेडिकलमधून आणला, बोंडाचं टरफलच नाही. अंगठा वर, पुढचं. अंगठा वर, पुढचं. आपलं कोणतं, वर्ध्याकडच्या दुकानाचं कोणतं, काही समजे नाही, आणि समजत नाही याचंही काही वाटे नाही. त्यातला एक फेटेवाला जरा ओळखीचा वाटला होता. अंगठा वर. पुढचं.

तो बाबा होता.

मले हे कसं समजलं, तर चतुर्थीले बाबा कळंबले गेलते, चिंतामणीच्या दर्शनाले. घरी आले ते चपला न काढताच ओट्यावर बसले. आई पाणी घेऊन आली, काय झालं म्हणे.

"रांगेत एक जण मले म्हणे, फेटा कुठं ठेवला मालक? मी म्हणलं, कोणता फेटा? तर म्हणे, आता कायले ओळख देसान, मोठे माणसं झाले तुम्ही."

मग सांगतलं की मधात फोनही वेगळेच येऊन राह्यले. कोणत्या तरी टॉनिकबद्दल, पिकावर फवारायच्या. मी नाही वापरलं म्हणलं तर लोक म्हणते, व्हिडिओत तर तुम्हीच सांगून राह्यले. एक जण तर म्हणे, कंपनीकडून पैसे भेटले असतीन, म्हणून आता खरं सांगत नाही.

मी शोधला. भाऊच्याच पेजवर होता. भाऊनं माही ती पहिली पोस्ट घेतली आणि बाबाचा फोटो मशीनले, म्हणजे त्या एआयले, देल्ला, याले जरा जवान कर, बोलता कर. सोयाबीनची पऱ्हाटी झाली, टोपीचा फेटा झाला. दात आले, पांढरे, सगळेच्या सगळे. बाबाची डावी भुवई अर्धी आहे, लहानपणी बैलानं शिंग मारलं होतं. तीही मशीननं भरून देल्ली. 'नमस्कार शेतकरी बंधूंनो, मी हे टॉनिक वापरले,' म्हणे तो. आणि खाली माही हिरवी पट्टी, होती तशी. अनुभव विचारा. बाबाचा नंबर.

आई वाकून पाहून म्हणे, "लग्नात असे होते का हो तुम्ही?" मग स्वतःच म्हणे, "नाही."

"पुन्हा लाव," बाबा म्हणे. मी लावला. "पुन्हा." बाबा त्या तोंडाकडे पाहत होते, ओठ हलते तिथं. "हे मी कधी बोललो?"

आणि दुसऱ्या दिवशी त्या ताईचा फोन आला. स्पीकरवर होता, मी बाजूलेच.

"दादा, तुमचं ते टॉनिक मारलं मी. काही फरक नाही दिसून राह्यला. अजून एक फवारा देऊ का?"

"मले न विचारता काहून घेतलं ताई?"

"आता काय विचारू, तुम्हीच तर सांगतलं व्हिडिओत. मी म्हणलं, दादाले कायले त्रास द्यायचा पुन्हा पुन्हा."

"ताई, तो मी नव्हतो."

तिकडं तिनं कोंबड्या हाकलल्या. मग ती म्हणे, "मग कोण होता?"

"ठेवतो ताई," बाबा म्हणे. आमचे बाबा! जे कोणाचाही फोन स्वतःहून ठेवत नाही. बाबानं फोन ठेवला आणि उगाच पडद्यावर बोट फिरवत बसले.

मी दुकानात गेली. "भाऊ, तो व्हिडिओ काढा."

"काहून? बाबा खूश नाही झाले का? फुकटात जवान करून देल्लं."

"बाबानं ते टॉनिक पायलंही नाही."

"मग एक बाटली घेऊन जाय, पाहतीन." हसले. मी हसली नाही तेव्हा खरंच गोंधळले. "अवो बेटा, मशीनचा माणूस टाकला तर खाली नंबर कोणाचा टाकू? बिना नंबराचं चालते का आपल्याकडे? माहा टाकला तर लोक म्हणतीन, दुकानदारच तो, तो तर चांगलंच सांगन. तुह्या बाबाचा नंबर लोकाले माहीत आहे. माणूस मशीनचा असला तर असला, नंबर तरी खरा पाहिजे ना!"

हे ते मान देल्ल्यासारखं बोलले. भाऊ वाईट माणूस नाही, आईच्या ऑपरेशनच्या वेळी गाडी त्याहीनंच पाठवली होती. माह्या समोर व्हिडिओ काढलाही. "झालं?" झालं कुठं. तो तोवर साऱ्या ग्रुपात फिरला होता.

म्हणून मी म्हणलं, बाबाचा खरा व्हिडिओ काढते, तुमच्याच पेजवर टाका. भाऊ म्हणे, टाक. बऱ्याच दिवसांनी वावरात गेली मी. बाबा त्याच जागी उभे राह्यले, तीच टोपी, तोच दुपट्टा. मागं शेजाऱ्याचा ट्रॅक्टर घरघर करत होता, थांबवू का म्हणलं, बाबा म्हणे राहू दे. आणि बोलले, "ते टॉनिक मी वापरलं नाही. तो व्हिडिओ मशीनचा आहे. माह्यावर भरवसा ठेवून कोणी घेतलं असन तर आधी कृषी सहायकाले विचारा, दुसरा फवारा मारायची घाई करू नका." एवढंच. मी काही कापलं नाही, काही लावलं नाही. टाकला.

खाली कमेंट आल्या. 'हा एआय आहे.' 'आवाज ऐका, तोंडाशी जुळत नाही.' 'फेटेवाला ओरिजिनल, माह्या मामाच्या ओळखीचा आहे.' 'दुसऱ्या कंपनीनं बनवून घेतला असन.' आणि एकानं लिहिलं, 'भुवई पाहा, अर्धीच आली, मशीन इथंच फसते.' त्याले सगळ्यात जास्त लाईक.

बाबा जेवता जेवता विचारून राह्यले, काय म्हणते लोक, काय म्हणते. मी वाचून दाखवलं. ते भुवईचं वाचायचं नव्हतं, पण बोट सरकलं आणि तोंडानं वाचलंच. बाबानं भुवईवरून अंगठा फिरवला. "बैलाले सांगा लागन," म्हणे, "तुहं काम खोटं निघालं." आई हसली नाही. मी हसली का, मले आठवत नाही.

मग बाबानं स्वतः ताईले फोन लावला. हा नवा व्हिडिओ तिनंही पायला होता. ती म्हणे, "दादा, रागावू नका, पण मी कोणता मानू? दोन्हीकडे तुम्हीच आहे. अन् आता फोनवरही तुम्हीच आहे कशावरून?"

आज सकाळी बाबानं टोपी घातली, दुपट्टा घेतला, ताईच्या गावची एसटी कुठून भेटते ते आईले विचारलं. म्हणे, तिच्या वावरात जाऊन उभा राहतो, मग तर मानन. मी फ्रिजवरचा मोबाईल देऊ लागली तर म्हणे, "राहू दे. त्याच्यातून कोण बोलते काय माहीत."

म्हणून तो इथं आहे, वाजून राह्यला. अनोळखी नंबर आहे. उचलला तर काय सांगू? मी त्यांची पोरगी बोलून राह्यली, खरी?

हे लिहिता लिहिताच भाऊचा मेसेज आला. नवीन माणूस बनवला म्हणे, हरभऱ्यासाठी, बाबासारखा बिलकुल नाही दिसत. पायला. फेटा आहे, दात आहे. खाली माही हिरवी पट्टी आहे, नंबराची जागा रिकामी. भाऊ विचारून राह्यले, कोणाचा टाकू?

मी अजून काही लिहिलं नाही. बाबा पोचले असतीन का आतापर्यंत, तेही माहीत नाही, विचारू तर कोणत्या नंबरवर.

तुम्ही सांगा ना. तुमच्या घरच्या कोणाचा चेहरा असा तुमच्या अंगठ्याखालून गेला का, अन् तुम्ही ओळखलं नाही? झालं असन तर खाली लिहा. कोणाले झालं का असं?