शेवाळातलं अस्वल

अकरावीत आम्ही तिघी एका बाकावर आलो, कारण बाकीच्या बाकांवर जागा उरली नव्हती. मी अंबरनाथ पूर्वेची, वडील सरकारी कचेरीत कारकून. दुसरी उल्हासनगरच्या कॅम्प चारमधली. तिचे वडील तिथल्याच एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचे. शेजारपाजार सगळा सिंधी, त्यामुळे तिचं वाक्य मराठीत निघायचं आणि हिंदीत पोचायचं. तिसरी पालेगावची. घरी भातशेती, वडील शेती सांभाळून एमआयडीसीतल्या कंपनीत शिफ्टला जाणारे. आमच्यात सगळ्यांत कमी बोलणारी तीच होती, आणि सुरुवातही तिनेच केली.

बायोच्या प्रॅक्टिकलला कांद्याचा पापुद्रा बघून झाला की मायक्रोस्कोपवर पुन्हा कापड चढायचं. एके दिवशी तिने डब्याच्या पिशवीतून जॅमची बाटली काढली. आत त्यांच्या खाचरातलं साचलेलं पाणी. मॅडमना विचारून तिने त्यातला थेंब काचपट्टीवर ठेवला, आणि पुढचा तास आम्ही एकमेकींना कोपराने ढकलत काढला. त्या थेंबात चक्क गर्दी होती. डोक्यावर दोन चाकं गरगर फिरवणारे जीव होते, लोळत जाणारे हिरवे गोळे होते, चपलेच्या तळव्यासारखं काहीतरी सुसाट पळत होतं. कॅम्पवाली म्हणाली, हे आमच्या मार्केटसारखंच आहे, सगळे घाईत आणि कोणी कोणाला धडकत नाही. मॅडम हसल्या आणि जाताजाता म्हणाल्या, भिंतीवरचं शेवाळ भिजवून बघा कधीतरी, नशीब असेल तर अस्वल भेटेल.

आम्हाला वाटलं त्या चेष्टा करतायत. कॉलेज सुटल्यावर कॅम्प चारमधल्या सायबर कॅफेत जाऊन इंटरनेटवर शेवाळातलं अस्वल शोधलं. फोटो वरून खाली एकेक पट्टी करत उघडत होता. आधी नुसता धूसर डोंगर दिसला, मग सुरकुतलेलं अंग, मग गुबगुबीत पाय, एकूण आठ, प्रत्येकाला नखं. डोळ्यांना दिसणारही नाही एवढा प्राणी, आणि चाल खरोखर अस्वलाची. पाणी आटलं की हा आकसून दाण्यासारखा होतो आणि कित्येक महिने, कित्येक वर्षं तसाच पडून राहतो. पुन्हा पाणी मिळालं की उठून चालू लागतो. एवढं वाचलं आणि आम्ही तिघी एकदम बोलायला लागलो. कॅफेचे सिंधी अंकल उठून मागे येऊन उभे राहिले. तीन पोरी कॉम्प्युटरसमोर एवढ्या चेकाळल्यात म्हणजे भलतंच काही बघत असणार, असं त्यांना वाटलं असावं. पडद्यावरचा प्राणी बघून ते परत आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

कॅम्पवालीच्या वडिलांनी कुठल्याशा बंद पडलेल्या शाळेच्या भंगारातून एक जुना मायक्रोस्कोप आणला. त्याचा वरखाली करायचा स्क्रू झिजला होता, तो त्यांनी नवा बसवून दिला. मायक्रोस्कोप आमच्या घरी राहायला आला, कारण आमच्या गॅलरीत दुपारभर ऊन असायचं आणि खालच्या आरशाला उजेड लागायचा. मग आमचं एक वेगळंच चालणं सुरू झालं. रस्त्याने जाताना आम्ही माणसांकडे बघत नव्हतो, भिंतींकडे बघायचो. कंपाउंडच्या भिंती, पाण्याच्या टाक्या, पुलाचे कठडे, जिथे हिरवं मखमलीसारखं दिसेल तिथे नखाने खरवडून कागदाच्या पुडीत. एकदा बारवी धरणाच्या वाटेवर जीपमधून उतरून एका दगडाकडे अशा काही धावलो, की जीपमधल्या एका आदिवासी बाईंनी विचारलं, पोरींनो, औषधी आहे का काय ते?

तरी अस्वल काही भेटेना. आठवड्यामागून आठवडे नुसते जंत, माती आणि चाकं फिरवणारे जीव. मी कंटाळले होते. कॅम्पवाली म्हणायला लागली होती की, इंडिया में नहीं मिलता होगा यार. पालेगावची मात्र दर रविवारी नवी पुडी घेऊन यायची. शेवटी तिच्याच घरच्या विहिरीच्या कठड्यावरच्या शेवाळात ते निघालं. तिने डोळा लावला, आणि नेहमीसारखी बाजूला झाली नाही. आम्ही विचारतोय, काय आहे, काय आहे, तर ती नुसता हात मागे करून आम्हाला थांबवत होती. मग सरकली आणि हळूच म्हणाली, ‘चाललंय बघ कसं. झोपेतून उठल्यासारखं.’

मी पाहिलं. मातीच्या एका कणाला मिठी मारून ते चढत होतं, पाय घसरत होते, तरी चढत होतं. मला का कोण जाणे, रडू फुटलं. कॅम्पवालीने तेवढ्यात माझं डोकं ढकलून डोळा लावला होता.

पुढचं वर्ष आम्ही त्याच्याच नादात होतो. शेवाळ वाळवायचं, पुडीत ठेवायचं, महिन्याने भिजवायचं आणि अस्वल उठतं का बघायचं. उठायचं. पाणी घातल्यावर आमचा चहा पिऊन होईतो तो दाणा फुगायचा, एकेक पाय बाहेर काढायचा, आणि आळस दिल्यासारखा हलायचा. दरवेळी आम्हाला तितकाच आनंद व्हायचा. आई म्हणायची, तुम्हाला अभ्यासात एवढं हसू कशाचं येतं?

आता जे सांगायचं आहे ते बारावीचं. कॉलेजात विज्ञान प्रदर्शन होतं आणि आम्ही नाव दिलं. त्याआधीच पालेगावचीच्या घरी बोलणं चाललं होतं. तिला बीएस्सी करायचं होतं, प्राणिशास्त्र घेऊन. वडिलांचा विरोध असा नव्हता. पण ते शिकून पुढे काय, हे त्यांना कळत नव्हतं, आणि आजूबाजूला विचारावं असं कोणी नव्हतं. तिनेच त्यांना सांगितलं, प्रदर्शनाला या, मी काय करते ते बघा. त्यांची दुसरी पाळी होती. कामावर जाता जाता येतो म्हणाले.

अस्वल आधीच भिजवून, चालतं करून ठेवावं, असं मी आणि कॅम्पवालीने सुचवलं होतं. ती ऐकेना. ‘आधी वाळलेलं दाखवायचं, मग सगळ्यांसमोर पाणी घालायचं. नाहीतर ते वाळलेलं होतं, हे कोण खरं मानेल?’ तिचं बरोबरच होतं. शास्त्राला धरून होतं. आणि त्यासाठी तिने सगळ्यांत जुनी पुडी काढली, आम्ही पहिल्यांदा अस्वल पाहिलं त्याच विहिरीवरच्या शेवाळाची, वर्षभर कपाटात पडून राहिलेली. जितकं जुनं तितकी कमाल मोठी, असा विचार.

परीक्षक आमच्या टेबलापाशी आले तेव्हाच तिचे वडीलही आले. कंपनीचा निळा शर्ट, हातात डब्याची पिशवी. ते दोन पावलं मागेच थांबले. तिने सगळं नीट समजावून सांगितलं. एरवी चार शब्द बोलणारी मुलगी, पण त्या दिवशी अजिबात अडखळली नाही. परीक्षकांनी वाळलेला दाणा पाहिला. तिने ड्रॉपरने पाणी सोडलं. आम्ही वाट बघू लागलो.

दाणा फुगला, पण हलला नाही. परीक्षक पुन्हा वाकून बघून म्हणाले, हे जिवंत आहे कशावरून? ती म्हणाली, थोडं थांबा सर. ते थांबले, थांबले नाहीत असं उगाच नाही म्हणणार मी. पण पुढे टेबलांची रांग होती, आणि शेजारच्या मुलांच्या ज्वालामुखीतून फेस उतू जात होता. ते सौम्यपणे म्हणाले, कल्पना चांगली आहे, पण प्रयोग आधी करून बघायला हवा होता. आणि पुढे गेले.

तिचे वडील पुढे झाले. तिने त्यांना डोळा कसा लावायचा ते दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

‘मना तं काय हालताना दिसत नाय, बाय,’ ते म्हणाले. मग घड्याळ बघून तिच्या डोक्यावर हात ठेवला. ‘जाऊं दे. मी निंगतो. गेट बंद व्हल.’

 दुपार कलली, बक्षिसं जाहीर झाली, शिपाई खुर्च्या गोळा करायला लागला. कॅम्पवाली सामान आवरायच्या आधी एकदा सहज वाकली आणि तशीच राहिली. ‘अरे यार,’ ती कुजबुजली, ‘हिल रहा है.’

खरंच हलत होतं. एक पाय, मग दुसरा. नंतर मॅडमनी सांगितलं, जितका काळ कोरडं राहील तितका उठायला वेळ जास्त लागतो. आम्ही आजवर महिन्याचीच पुडी भिजवली होती, त्यामुळे हे आम्हाला ठाऊक नव्हतं. मी शिपायालाही बोलावून दाखवलं. कॅम्पवाली नाचत होती. पालेगावचीने एकदाच पाहिलं, हसली, आणि काचपट्टी धुवायला घेऊन गेली.

तिने बीएस्सीला प्रवेश घेतला नाही. कॉम्प्युटरचा कोर्स केला, मग बदलापूरला एका कंपनीत पॅकिंगच्या हिशेबाचं काम, मग तिथेच लग्न. कॅम्पवाली लॅब टेक्निशियन झाली. दिवसभर मायक्रोस्कोपमध्येच बघते, पण रक्ताच्या पेशी मोजत. मी बीए केलं. मायक्रोस्कोप घर बदलताना आईने कोणाला तरी देऊन टाकला. आमच्यात भांडण झालं नाही, नुसता फोन कमी होत गेला. माझ्या मनात मात्र एक राग घर करून राहिला होता, तिच्या वडिलांवर. तासभर थांबले असते तर, असं मी किती वेळा मनात म्हटलं असेल.

काही वर्षांनी ती मला बदलापूर स्टेशनबाहेर भाजी घेताना भेटली. आम्ही एका उडप्याकडे चहाला बसलो. पालेगावात आता बिल्डिंगा उठतायत, आमचं खाचर गेलं, विहीर बुजवली, हे तिने पाऊसपाण्याचं सांगावं तसं सांगितलं. मी बोलून गेले की तुझ्या बाबांनी तेव्हा शिकू दिलं असतं तर.

तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, बाबांनी कधीच नाही म्हटलं नव्हतं. प्रदर्शनानंतर ते फक्त एवढंच म्हणाले, की सगळ्यांसमोर अशी मान खाली घालायची वेळ येते ते नको, दुसरं काहीतरी शीक. त्यांना वाटलं, आपल्या मुलीचा प्रयोग फसला आणि तिला लाज वाटली.

‘पण ते उठलं, हे तू सांगितलं नाहीस?’

‘नाही. मला वाटलं, त्यांना काय पडलंय. थांबले असते तर दिसलं असतं. मीही रुसले होते.’ तिने साखरेची पुडी उगाच उलटसुलट केली. ‘गेल्या वर्षी रिटायर झाले. गप्पांत विषय निघाला तेव्हा सांगितलं, बाबा, ते नंतर उठलं होतं. तर म्हणाले, मंग गेटवं निरोप का नाय धाडलास? मी अर्धा दिस टाकून आलो असतो.’

 इतकी वर्षं मी ज्याच्यावर रागावले होते तो माणूस यायला तयार होता. कंपनीचं गेट कॉलेजपासून रिक्षाच्या अंतरावर होतं. आमच्यापैकी कोणीही जाऊ शकलं असतं. कोणाच्या मनातच आलं नाही.

मी विचारलं, आता शिकायचं मनात येतं का? ती म्हणाली, कधीकधी भिंतीवर हिरवं दिसलं की हात जातो, मग वाटतं, खरवडून करायचं काय, बघायचं कशातून?

मी म्हटलं, कॅम्पवालीच्या लॅबमध्ये जाऊ, एका रविवारी, तिघी. तिने लगेच होकार दिला आणि कॅम्पवालीचा नंबरही घेतला. मी कॅम्पवालीला कळवलं. तिला इतका आनंद झाला की तिने तिथल्या तिथे रविवार ठरवून टाकला. मग त्या रविवारी पालेगावचीच्या सासरी पाहुणे आले, पुढच्याला माझं काही निघालं, नंतर कॅम्पवालीची लॅब बदलली. आम्ही अजून एकमेकींना म्हणत असतो, या महिन्यात नक्की.