बटणवाल्या मालसूनबाई

प्यो मालसूनबाई पहिल्यांदा माझ्या केबिनमध्ये शिरल्या तेव्हा मला वाटलं, कचऱ्यावरून भांडायला आल्यात. आमच्या वस्तीत पहारेकऱ्याकडे दुसऱ्या कामासाठी कुणी येत नाही. बाईंच्या अंगात नारिंगी जाकीट होतं आणि हातात साबणाच्या वडीएवढं यंत्र. नमस्कार नाही, चमत्कार नाही. सरळ खाली वाकल्या, माझ्या टीव्हीचा प्लग उपसला, मध्ये ते यंत्र बसवलं आणि मला म्हणाल्या,

"अहो फाटकवाले, टीव्ही बंद आहे ना?"

"डोळे आहेत ना तुम्हाला?"

"मग हे बारा वॅट कोण गिळतंय?"

गिळत होता टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स. पडदा काळा, आवाज नाही, तरी रात्रंदिवस त्याचं खाणं चालू. "झोपलेला नोकर पूर्ण पगार घेतोय आणि मालकाला पत्ता नाही," असं म्हणून बाईंनी मला लाल बटणांचा एक एक्स्टेंशन बोर्ड दिला आणि निघून गेल्या. मला राग आला. पण बोर्ड मी लावला. फुकट मिळालेली वस्तू मी कधी वाया घालवत नाही.

दक्षिण कोरियातल्या मोक्पोच्या बंदरामागे आमच्या चार इमारती आहेत. पाच मजले, लिफ्ट नाही, आणि निम्म्याहून जास्त दारांमागे एकेकटं म्हातारं माणूस. मालसूनबाई पहिल्या इमारतीत राहतात. एकतीस वर्षं त्यांनी कारखान्यात किम, म्हणजे समुद्रातल्या शेवाळाचे कागदासारखे पापड, वाळवण्यात काढली. पाळी संपली की सगळ्यात शेवटी निघून यंत्रं बंद करायची, हे काम त्यांच्याकडे होतं. नवरा वारला, दोन्ही मुली सोलला गेल्या, कारखाना सुटला, पण बंद करायची खोड काही सुटली नाही. जिल्हा कचेरीने वीज वाचवायचं दोन दिवसांचं शिक्षण ठेवलं, तेव्हा बाई पहिल्या रांगेत. तिथूनच ते जाकीट आणि ते यंत्र आलं. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत, पण दुसऱ्याच्या चुलीत नाक खुपसून त्या भाजणारी ही पहिलीच.

आमच्या प्रत्येक घरात भिंतीवर एक स्पीकर आहे. पाण्याची टाकी धुणार असलो की मी केबिनमधून त्यावर सूचना देतो. एका सकाळी मी चहाला गेलो आणि परत येतो तो मालसूनबाई माझ्या माइकसमोर. "तिसऱ्या इमारतीतल्या तायांनो, कोमट आसनाचा संडास वापरून झाला की बटण बंद करा. रिकाम्या आसनाला ऊब देऊन कुणाचं भलं होतंय?" सगळी वस्ती हसत होती. पण त्या महिन्यात चारही इमारतींची वीज दहा टक्क्यांनी उतरली, हे मीटर मी स्वतः वाचल्यामुळे मला कबूल करावं लागलं.

भांडण झालं ते हारिमशी. हारिम ही जिल्हा कचेरीतली मुलगी, वय सत्तावीस. एकट्या राहणाऱ्यांची काळजी घ्यायचं काम तिच्याकडे. तिने सदतीस घरांत पांढरे प्लग लावले होते. कुणाच्या टीव्हीला, कुणाच्या भाताच्या कुकरला. दीड दिवस विजेचा वापर वरही गेला नाही आणि खालीही आला नाही, तर हारिमच्या फोनवर घंटी वाजायची. म्हणजे आत माणूस पडलंय की काय ते बघायला पळा. मालसूनबाईंनी टीव्ही मुळापासून बंद करायला शिकवलं, लोक दोन-दोन दिवस बटणच चालू करेनात, आणि पंधरा दिवसांत हारिमचा फोन अकरा वेळा वाजला. अकरा वेळा ती धापा टाकत जिने चढली आणि अकरा वेळा आत कुणीतरी मजेत लसूण सोलत बसलेलं.

बाराव्या वेळी ती थेट माझ्या केबिनमध्ये आली. बाई तिथेच होत्या.

"मावशी, हात जोडते, थांबवा हे! तुमच्या बटणांनी माझे प्लग आंधळे झालेत. उद्या कुणी खरंच मेलं तर?"

"मग काय, विजेची उधळपट्टी करायची?"

"करू दे! दुसऱ्या इमारतीतले पानसोक आजोबा बघा. त्यांच्या प्लगने एकदाही त्रास दिला नाही. दिवसभर वर-खाली, वर-खाली. सगळे असे असते तर मला रात्रीची झोप लागली असती."

आठ दिवसांत वरून हुकूम आला आणि बाईंचं जाकीट जमा झालं. मी मनातल्या मनात खूश झालो होतो, खोटं कशाला बोलू. माझा माइक मला परत मिळाला.

पण पानसोक आजोबांचं नाव बाईंच्या डोक्यातून जाईना. हे गृहस्थ शहात्तर वर्षांचे, पूर्वी बोटीवर इंजिन सांभाळायचे. चौथ्या मजल्यावर एकटे. दिवसेंदिवस दाराबाहेर पडत नसत. बाईंना त्यांनी तीनदा हाकललं होतं. आठवड्यातून दोनदा कुकर भरून भात लावायचा आणि तो संपेपर्यंत कुकर गरम ठेवायचा, अशी त्यांची रीत. तिसऱ्या दिवशी त्या भाताचा रंग लोकरीच्या जुन्या मोज्यासारखा व्हायचा आणि वासही तसाच.

दोन दिवसांनी बाई आपला कुकर काखेत मारून केबिनमध्ये आल्या. हारिमलाही बोलावून घेतलं. भात शिजला, कुकर आपोआप 'गरम ठेवा'वर गेला. बाईंनी यंत्र मध्ये लावलं आणि म्हणाल्या, "आता कुणी हात लावायचा नाही. नुसतं बघायचं."

आम्ही तिघं त्या आकड्याकडे बघत बसलो. चार. चार. चार. मग एकदम सत्तर. मग पुन्हा चार. थोड्या वेळाने पुन्हा सत्तर. भात जरा निवला की कुकर स्वतःच तापायचा आणि तापला की स्वतःच थांबायचा.

"पोरी," बाई हळूच म्हणाल्या, "तुझ्या प्लगला आजोबा दिसत नाहीत. त्याला त्यांचा भात दिसतोय."

हारिमचा चेहरा पांढराफटक पडला. तिने फोन काढला आणि यादी बघितली. कुकरला लावलेले प्लग एकोणीस होते. एकोणीस म्हातारी माणसं आत मरून पडली असती, तरी तिच्या फोनवर आठवडाभर सगळं आलबेल दिसलं असतं. ती पोर माझ्या खुर्चीत बसून रडायला लागली. मी तिला त्याच कुकरमधला भात वाढला.

बाई मात्र हिशेब मांडून आल्या होत्या. "कुकर आपला आपण तापतो. बटण आपलं आपण पडत नाही, त्याला हात लागतो. रात्री झोपताना सगळं बंद, सकाळी उठल्यावर चालू. नऊपर्यंत चालू झालं नाही, तर घंटी. मग ती घंटी खरी."

हारिम वरिष्ठांशी भांडली आणि प्लगची वेळ बदलून घेतली. बाईंना जाकीट परत मिळालं. प्रत्येकाने दाराचं कुलूप ज्या आकड्याने उघडतं, तो आकडा पाकिटात बंद करून केबिनमध्ये द्यायचा, असंही ठरलं. कुकरवाल्या एकोणीस घरांपैकी अठरा सरळ तयार झाली. राहिले पानसोक.

या वेळी बाईंनी मलाही सोबत नेलं. आजोबांनी दार विटेएवढं उघडलं.

"पुन्हा आलात? माझी वीज, माझा भात. तुमच्या वडिलांचं काय जातं?"

"भातावर बोलायला नाही आले, पानसोकभाऊ. तुमच्यावर बोलायला आलेय. आज तुम्ही आत पडलात, तर कुणाला कधी कळेल?"

"कळून कुणाला काय करायचंय?"

हे ते चिडून नाही बोलले. हवापाण्याबद्दल बोलावं तसं साधं बोलले. मला ते फार लागलं, आणि मी आपला जिन्याकडे बघत राहिलो. बाई मात्र भडकल्या.

"मला करायचंय! चार मजले चढून गुडघे मोडून घेतेय ते काय तुमचा पिवळा भात बघायला? एकतीस वर्षं यंत्रं बंद करताना प्रत्येक खोलीत हाक मारायचे मी, कुणी आत राहिलंय का म्हणून. तशी हाक मारतेय. ओ द्यायची असेल तर द्या, नाहीतर दार लावून घ्या."

आजोबांनी बाईंच्या हातातल्या बोर्डाकडे पाहिलं. मग दार पूर्ण उघडून म्हणाले, "बोर्ड टेबलावर ठेवा. खाली वाकायला मला जमत नाही."

पुढचे दोन महिने त्यांचं बटण रोज सकाळी सातच्या आत पडत होतं. भात रोज ताजा आणि वाटीभरच. फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी नऊ वाजून दोन मिनिटांनी हारिमचा फोन आला, "काका, पानसोक आजोबा!" मी पाकीट फोडून बाहेर पळालो, तर बाई जिन्यात माझ्या पुढे. एकाहत्तराव्या वर्षी ती बाई दोन-दोन पायऱ्या चढत होती.

आजोबा न्हाणीघराच्या फरशीवर पडले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं, ओठ निळे झाले होते, पण शुद्धीवर होते. पहाटे पाचला घसरले होते. थंडी अशी होती की संध्याकाळपर्यंत राहिले असते तर वाचले नसते, असं डॉक्टर म्हणाले. जुना प्लग त्या दिवशीही इमानदारीत भाताची खुशाली कळवत बसला असता.

शनिवारी आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. बाईंनी ताजा भात आणि खारवलेली मासळी नेली होती. मी आजोबांना विचारलं, "चार तास त्या फरशीवर... जीव नुसता घाबरा झाला असेल."

"पहिला तास घाबरलो," आजोबा म्हणाले. "मग आठवलं, आज बटण पडलेलं नाही. मग घाबरलो नाही. नऊ वाजायची वाट बघत पडलो."

परतताना बसमध्ये मी मनाशी हिशेब केला. अकरा वर्षं मी तिसऱ्या इमारतीत एकटा राहतोय, सगळ्या वस्तीची पाकिटं माझ्या कपाटात, आणि माझ्या दाराचा आकडा माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हता. फाटकाशी उतरल्यावर मी तो बसच्या तिकिटामागे लिहिला आणि बाईंच्या हातात दिला. त्यांनी न वाचताच त्याची घडी केली, जाकिटाच्या खिशात घातली आणि विचारलं,

"उठता किती वाजता?"