शशिकांत काकांनी जोडलेलं धनुष्य

जूनमध्ये शशिकांत काकांच्या दारात एक लांबट खोकं आलं. आत कंपाउंड धनुष्य होतं, शिकारीचं. नुसतं. नेम धरायची साइट नाही, बाण टेकवायचा रेस्ट नाही.

"सगळं लावलेलं मिळत होतं ना?" उत्तरा काकूंनी विचारलं.

"लावलेलं घेतलं की बिघडल्यावर दुकानात जावं लागतं," काका म्हणाले.

अमेरिकेतल्या ईडन प्रेरीत आमची घरं शेजारी. काका अडुसष्ट वर्षांचे. सांगलीहून चौऱ्याऐंशी साली आले आणि निवृत्त होईपर्यंत व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एकाच कंपनीत राहिले. मी साहित्यात एम.ए. केलेली, नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, काम करायची परवानगी नसलेली. दुपारी त्यांच्या गॅरेजमध्ये जाऊन बसायचे. ते पान्यांची मापं समजावायचे. मी कथा वाचून दाखवायचे. लोकांना ते माझी ओळख 'मैत्रीण' अशी करून द्यायचे.

त्यांच्या घरात प्लंबर कधी आला नव्हता. छप्पर, हीटर, गाडीचे ब्रेक, सगळं काकांनीच केलेलं.

डोळ्याचं मात्र तसं नव्हतं. डावा डोळा लहानपणापासून अधू. त्याला फक्त सावल्या दिसायच्या. उजव्यावर एप्रिलमध्ये मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाली आणि मागच्या झाडीत उभं असलेलं हरीण त्यांना दिसलं. कानावरचे केससुद्धा दिसले. त्याच आठवड्यात त्यांनी शिकारीच्या वर्गात नाव घातलं.

"दिसणारा डोळा एकच आहे तुमच्याकडे," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "तो सांभाळा." काकूंनी हे कागदावर लिहून फ्रीजला लावलं.

सुटे भाग निवडायला महिना गेला. साइट एकाच पिनेची घेतली. पाच पिना असल्या की माणूस घाबरून चुकीची धरतो, म्हणाले. रेस्ट असा, की बाण सुटताच तो स्वतः खाली पडतो. दोरीत बसवायचं एक छोटं कडं होतं. उजवा डोळा त्याला लावूनच नेम धरायचा. कडं बसवायला दोरी सैल करावी लागते आणि त्यासाठी दुकानात धनुष्य दाबून वाकवणारा प्रेस असतो. काकांनी लोखंडी पट्ट्या आणि दोन लांब स्क्रू आणून प्रेसही घरीच केला.

धनुष्याची दोन्ही पाती, मुठीच्या वरची आणि खालची, वाकायला लागली तशी गॅरेजमध्ये बारीक करकर सुरू झाली.

"मागे सरक," काका म्हणाले.

मी सरकले. ते सरकले नाहीत.

मग चौकटीत कागद ताणून त्यातून बाण सोडायचे. कागद कसा फाटतो त्यावरून बाण सरळ जातो की तिरका, ते कळतं. काकांनी जुन्या मराठी दिनदर्शिकेची पानं लावली. सात महिन्यांची पानं तिरकी फाटली. आठव्या पानावर गोल भोक पडलं.

एक नियम त्यांनी मला तीनदा सांगितला. बाण न लावता दोरी ओढून सोडायची नाही. बाण जो जोर घेऊन जातो, तो मग पात्यांतच उतरतो. आतून तडा जातो. वरून दिसत नाही.

खंडेनवमीला काकूंनी पाटावर पाने, करवत, ड्रिल मांडलं. मधोमध धनुष्य. गुळगुळीत पात्यावर कुंकू टिकेना, म्हणून त्यांनी ते तेलात कालवलं आणि बोटं ओढली.

"शशी, बीपीची गोळी खिशात ठेवून जा," अतुल काका म्हणाले. ते निवृत्त डॉक्टर, काकांचे चाळीस वर्षांचे मित्र. "हरीण दिसलं की छाती धडधडते."

"हरीण थांबेल रे. तुझे पेशंट थांबायचे तसं."

"या घरात अंडं शिजत नाही आणि हे हरीण आणणार!" काकू म्हणाल्या. "मी दुसरा फ्रीज घेणार नाही, आत्ताच सांगते."

आरतीनंतर काका प्रसादाच्या वाट्या आणायला आत गेले. अतुल काकांनी फोटोसाठी धनुष्य उचललं. दोरी ओढली. आणि सोडली.

टाळी वाजावी तसा आवाज झाला. सगळे हसले. धनुष्य पुन्हा पाटावर गेलं.

पूजेतली हत्यारं दसऱ्यापर्यंत हलवायची नाहीत, असा त्यांच्याकडे रिवाज. तोवर बाण सुटणार नाही म्हणून मी रिकाम्या दोरीचं काकांना दुसऱ्या दिवशी दुपारी सांगितलं. काकांनी लगेच फोन लावला.

"अतुल, काल रिकामी दोरी सोडलीस का?"

"छे रे! फोटोपुरतं नुसतं हातात धरलं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग काकूंकडे वातीचा कापूस मागितला. पात्याला तडा असेल तर कापसाचे तंतू अडकतात, असं वर्गात शिकवलं होतं. वरच्या पात्यावरून कापूस सरळ फिरला. खालच्या पात्यावर, मुठीपासून चार बोटांवर, अडकला.

"काका, अडकला."

त्यांनी बोट फिरवलं. हुंगलं. "तेल आहे. उत्तराचं कुंकू."

ते खरं होतं. कुंकवाची बोटं तिथेच ओढली होती. त्यांनी पातं फडक्याने पुसलं. पुसल्यावर कापूस पुन्हा फिरवला नाही.

"दुकानात दाखवू या ना. बुधवारी मी ड्राइव्ह करते."

"आज दसरा. आज एक तरी बाण सुटायला हवा."

अंगणात मॅपलची पानं पडली होती. वीस यार्डांवर फोमचं टार्गेट. पहिला बाण मधोमध लागला. दुसरा त्याला चिकटून.

"बघ," काका म्हणाले.

तिसऱ्याला दोरी गालापर्यंत आली. डोळा कड्याला लागला. मी त्यांच्या मागे उभी होते. खालचं पातं मला दिसत होतं. 'थांबा' म्हणायला मी तोंड उघडलं, असं मला वाटतं. खात्री नाही.

वाळकी फांदी मोडल्यासारखा आवाज करत ते पातं तुटलं. काका खाली बसले. दोन्ही हात तोंडावर. बोटांमधून रक्त येत होतं.

"माझा चष्मा कुठे पडला बघ," ते म्हणाले.

एप्रिलपासून ते चष्मा लावत नव्हते.

डोळा वाचला नाही. चौथ्या दिवशी अतुल काका हॉस्पिटलमध्ये आले. खुर्ची ओढून बसले.

"सगळं स्वतः करायची खोड तुझी," ते म्हणाले. "दुकानात न्यायला काय झालं होतं?"

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं.

"खरंय. न्यायला हवं होतं."

"कुणी काही बोललं नाही तुला?"

"बोललं," काका म्हणाले. "एकीने सांगितलं होतं."

काका हाताने टेबल चाचपत पाण्याचा ग्लास शोधू लागले. अतुल काकांनी तो उचलून त्यांच्या हातात दिला. पाणी पांघरुणावर सांडलं. सांडलं ते अतुल काकांच्या हातून.